इडवाल खर्जात उतरतो

वेल्समधल्या आमच्या गावच्या गायनवृंदात हातात कागद धरून गायचं नाही. गाणं पाठ, नाहीतर बसमध्ये जागा नाही. पाठ आहे म्हणून नुसतं सांगूनही भागत नाही. वरच्यापासून खर्जापर्यंत चार आवाज, प्रत्येकाची चाल वेगळी; त्यांचा एकेक जण समोर उभा करून कोणाचा सूर सुटतो ते हेलेड बघते. हेलेड आमची संचालिका. वय एकतीस, जीभ सत्तरीची.

लंडनला राजासमोर अनेक वृंदांतल्या आठशे जणांनी मिळून गायचं ठरलं, तेव्हा तिने इडवाल प्यूला थांबवलं. पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होता तेव्हापासून, सेहेचाळीस वर्षं, तो वरच्या आवाजात गात आलेला.

"इडवाल, तुम्हाला आता वरचा सूर लागत नाही. खर्जात या, नाहीतर घरी टीव्हीवर बघा."

तो येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. चेहरा लालबुंद.

"तुम्ही लोक खाली करता काय रे? झोपता?"

"तीनच सूर असतात," मी म्हटलं, "पण ते चुकायचे नसतात."

शब्द त्याला येत होतेच. पण चाल हाडीमाशी भिनलेली. तोंड उघडलं की वरचीच निघायची. घरी मॉर्विड, त्याची बायको, अंडी तळताना मुद्दाम वरची चाल खड्या आवाजात गाऊ लागली. याने टेबलाशी बसून खर्ज धरायचा. तिनेच गावभर केलं. मग काय! एमरिस खाटीक मांस तोलताना वरचं धरायचा, रांगेतल्या बायका त्याला साथ द्यायच्या.

"गेला! गेला बघा वर!" दुकानभर हशा.

इडवाल दात-ओठ खात पहिल्यापासून सुरू करायचा. सहा आठवडे तो गरज नसताना रोज त्या दुकानात गेला. मॉर्विडच्या फ्रीजमध्ये सॉसेजेस मावेनात.

चाचणी झाली. हेलेड एवढंच म्हणाली, "बस सातला सुटेल."

लंडनच्या त्या गोल, अवाढव्य सभागृहात शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं आलं. इथे वरचे आवाज चढतात. इडवालने श्वास घेतला, आणि तो श्वास खर्जाचा नव्हता. मी त्याला ढोसायला कोपर तयार ठेवलं. त्याने पँटची शिवण मुठीत आवळली आणि सूर खाली ठेवला, सरळ, जड. वर दोनशे जण चढत गेले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज मात्र तसूभर हलला नाही.

मॉर्विड वर सज्जात होती. बसमध्ये तिने इडवालला विचारलं, "जवळून कसा दिसतो हो राजा?"

"मला काय विचारतेस? हेलेडचा हात सोडून मी दुसरं काही पाहिलंय कुठे!"

 मग तो माझ्याकडे वळला.

"ते वरचं... खालून असं ऐकू येतं होय? सेहेचाळीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही रे."