काळे ठिपके आणि माठाचं पाणी

पीएच.डी.च्या पहिल्या उन्हाळ्यात मला फक्त काळे ठिपके पाहायचे होते.

पेशीभोवती स्निग्ध रेणूंचं पातळ आवरण असतं. तशाच आवरणाचे सूक्ष्म फुगे मी जालन्याच्या कॉलेजात बनवत होते. दोन जातींचे स्निग्ध रेणू आणि कोलेस्टेरॉल एकत्र आले, की आवरणाचे दोन प्रवाही भाग वेगळे होतात. रंग एकाच भागात शिरतो. दुसरा काळा ठिपका दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मला तीन आठवडे नुसते एकसारखे लाल गोळे दिसत होते.

"शुक्रवारी शेवटचं बघू," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "नाही दिसलं तर विषय बदलून टाक."

मी कृतीचा कागद पुन्हा वाचला. साठ अंशांना फुगे बनवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पाहा. मी अक्षरन् अक्षर पाळलं होतं. छापलेलं चुकत नाही, असंच आम्ही शाळेत शिकलो होतो.

रविवारी कुंभार पिंपळगावला घरी गेले. आईनं लोणी कढवलं होतं.

"तुपाला रवा धरला न्हाई गं," मी म्हणाले.

"या उन्हाळ्यात कसा धरंल? एवढी शिकली अन् हे कळंना. माठाच्या बुडाशी ठिव. सकाळी बघ, दाणा येगळा, तेल येगळं."

मी बरणी हातात धरून तशीच उभी राहिले. कृती लिहिणाऱ्यांची खोली वीस-बावीस अंशांची असणार. माझी चाळिसाची. ओलाव्यानं भिंगांना बुरशी धरते म्हणून प्रयोगशाळेत कूलरही लावत नाहीत. एवढ्या उकाड्यात फुग्यांचं आवरणही या तुपासारखं एकजीवच राहणार.

"आई, तू तर सरांची सर झालीस."

"का? तुझे सर लोणी कढवतात व्हय?"

शुक्रवारी मी काचपट्टीखाली तांब्याची नळी बसवली आणि तिच्यातून माठाचं पाणी सोडलं. तापमापकाचा पारा उतरत गेला. अठ्ठावीसच्या आसपास लाल गोळ्यावर बारीक काळे ठिपके उमटले. दोन ठिपके भिडले आणि वरणावरच्या तेलाच्या थेंबांसारखे एक झाले.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"पाणी थांबव."

हळूहळू ठिपके विरले.

"सोड."

पुन्हा उमटले. त्यांनी हे तीनदा करायला लावलं.

"विषय तुझाच," शेवटी ते म्हणाले. "वहीत नीट लिही. थंड करायची युक्ती कुठून घेतली, तेही."

प्रयोगवहीत संदर्भाचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं: आई, कुंभार पिंपळगाव. सरांनी खाली सही केली.