मोडक्या शिंगाच्या बैलाचा पोळा

ताडकळसच्या रस्त्याला, आमच्या गावाबाहेर, एक गोशाळा आहे. तिथं मी शेण काढते, जनावरांना पाणी दाखवते, कडबा टाकते. बाया म्हणतात, तुझं बरं आहे, बसल्या जागी पुण्य मिळतं. मला चार माणसांत बोलता येत नाही, शब्द ओठापर्यंत येतात आणि माघारी जातात. पण मनात म्हणते, एक दिवस या आणि बघा.

शेणाची, मुताची मला किळस येत नाही. लोक जे घेऊन येतात त्याची येते. लग्नात उरलेला भात दुसऱ्या दिवशी घमेल्यात भरून आणतात. आंबलेला, बोटाला तार सुटते असा. घरच्या माणसाला तो घालणार नाहीत आणि उकिरड्यावर टाकायची लाज वाटते, म्हणून गाईपुढं ओततात आणि हात जोडतात. भाजीचे देठ प्लॅस्टिकच्या पिशवीसकट फेकतात. एकदा मेलेल्या गाईचं पोट डॉक्टरांनी फाडलं तेव्हा मी पाणी घेऊन उभी होते. आतून पिशव्यांचा एकच गोळा निघाला, काळा, कुजका, घमेल्यात मावेना असा. एका पिशवीवर कपड्याच्या दुकानाचं नाव होतं. मी चौथी शिकले, तेवढं मला वाचता आलं.

मोडक्या शिंगाचा बैल आषाढात आला. गोरक्षक पोरांनी रस्त्यावर एक पिकअप धरला होता, त्यात जनावरं कोंबून भरलेली होती. बैल विकायचा, तो कुठं जाणार हे ठाऊक असून विकायचा, आणि वर "आमी तर शेतकऱ्यालाच दिला" म्हणायचं, ही इकडची रीत झाली आहे. पिकअप गोशाळेच्या दारात आणून उभा केला. सोडवणारी पोरं जीपमधून आली होती. आधी त्यांचे फोटो, मग व्हिडिओ, मग घोषणा. जनावरं तोवर उन्हात, एकमेकांच्या पायावर पाय, जिभा बाहेर. मी बादली घेऊन पुढं झाले तर एक जण म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, तुमी मधी यायलात." मी बाजूला झाले. फोटो झाल्यावर ते चहाला गेले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत.

त्या बैलाचं एक शिंग बुडातून मोडलं होतं. वेसण ओढून ओढून नाक फाटलं होतं. शिंगाच्या जागी भोक पडलं होतं आणि त्या भोकात किडे वळवळत होते. वास असा की बाकीची जनावरंही त्याच्यापासून सरकून उभी राहायची. मी सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस जखमेत पिळायची. किडे भराभर वर यायचे, ते मी काडीनं काढायची. नंतर डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध. बैल गरीब होता. डोकं माझ्या मांडीला टेकवून उभा राहायचा, दुखलं तरी हलायचा नाही.

जखम भरत आली, पण पोटाचं जमेना. किती दिवस उपाशी होता कोणास ठाऊक. थोडा कडबा खायचा, रवंथ करायचा विसरायचा. डॉक्टर मॅनेजरला माझ्यासमोर म्हणाले, "याला गोड, पीठ, पोळी, काही म्हणजे काही घालायचं नाही. एकदा पोट फुगलं तर हा वाचणार नाही."

मॅनेजर म्हणाले, "बोर्ड लावतो ना साहेब."

बोर्ड लावला. "जनावरांना पोळी घालू नये." रंगवणाऱ्यानं वर गाईचं चित्रही काढलं. दुसऱ्याच आठवड्यात कोणी तरी त्या चित्राला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि खाली उभं राहून गाईला पोळी चारली.

पोळी घातल्यानं काय होतं ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. आता गावात बैल किती उरलेत? घरोघरी ट्रॅक्टर. पण पोळा आला की बैलाला पुरणपोळीचा घास द्यावा लागतो, त्याशिवाय घरातलं माणूस जेवत नाही. मग बैल विकलेली सगळी घरं ताटं घेऊन गोशाळेत येतात. घरच्या बैलाला एक घर जेवू घालतं, इथल्या बैलाला सगळं गाव. आदल्या वर्षी एका पांढऱ्या बैलाला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत नुसतं चारत होते. तुपाचे ओघळ त्याच्या गळ्यावरून वाहत होते. तो डाव्या कुशीला नगाऱ्यासारखा फुगला, तोंडाला फेस आला, खाली पडला आणि पाय झाडत मेला. त्याच्या शिंगांना लावलेला लाल हिंगूळ अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडची चार माणसं बोलवा. वढून न्यावं लागंल."

तुमच्याकडची म्हणजे आमच्या बुद्धवाड्यातली. मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या आज्यांनी धर्म बदलला तेव्हाच टाकून दिलं. नवरा मोंढ्यात हमाली करतो, तो तेवढ्यात माझा डबा घेऊन आला होता. त्यानं ऐकलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "भाऊ, पोळी ज्यांनी चारली त्यांना बोलवा की. जिता व्हता तवा रांग लागली व्हती."

मॅनेजर हसण्यावारी नेत म्हणाले, "तसं न्हाई हो, तुमाला सवय असती म्हणून म्हणलं."

"मला पोते उचलायची सवय हाय," नवरा म्हणाला. शेवटी जेसीबी आला. दिवसभर तो बैल उन्हात पडून होता, त्याच्या पायातले घुंगरूही कोणी काढले नव्हते.

म्हणून यंदा पोळा जवळ आला तशी मी बैल मोजायला लागले. गोशाळेत गाई पुष्कळ, बैल चारच. त्यातले तीन मारके, ताट दिसलं की डोकं खाली घालून अंगावर येतात. राहिला हा गरीब. सगळं गाव त्याच्याच तोंडाशी येणार हे उघड होतं.

आदल्या दिवशी मॅनेजरनी सगळ्या बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावायला सांगितलं. त्यांनी स्वतः प्रत्येक बैलाच्या कानात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मोडक्या शिंगाच्या बैलाच्या कानातही म्हटलं.

मी धीर करून म्हणाले, "भाऊ, ह्याला डॉक्टरांनी..."

"अहो, एका घासानं काय होतंय? वर्साचा सण हाय. लोकांना नको म्हणलं तर उद्या गोशाळेत कोण येईल?"

पोळ्याच्या दिवशी त्यांनी मला हिंगूळ आणून दिला. मी त्याचं एकच शिंग रंगवलं. दुपार झाली तसा वेशीकडून माणसांचा आवाज यायला लागला. फाटक्या नाकात वेसण घालता येत नव्हती. मी त्याच्या गळ्याला दोरी बांधली आणि मागच्या दारानं त्याला बाहेर काढलं. बाकीची जनावरं माझ्याच्यानं नेववली नसती. एकाला तरी नेते, म्हटलं, आणि नाल्याची वाट धरली. तिथं गवत होतं. दिवस मावळेपर्यंत तिथंच चारीन, मग आणीन, एवढंच मनात होतं.

नाल्यापाशी पोचलो तर समोरून एक बाई ताट घेऊन आली. मळ्यात राहणारी, मोठ्या घरची सून. मळ्यातून गोशाळेला यायला तीच जवळची वाट. नवं लुगडं, ताटावर रुमाल. तिच्या मागं लांब बांधावरून आणखी चार-पाच बाया ताटं घेऊन येत होत्या.

"अगं ए, बैल कुठं न्यायलीस? आज पोळा हाय!"

"चारायला," मी म्हणाले.

"चारायला? पोळ्याच्या दिशी? थांब, मी हितंच चारते. बरं झालं, माझी चक्कर वाचली."

"वैनी, नका. त्याला चालत न्हाई. डॉक्टरांनी..."

"डॉक्टर काय सणापेक्षा मोठा हाय का? आमचे बैल इकले आमच्या मालकानं दोन वर्साखाली. आता ट्रॅक्टरला पोळी चारू का? सासू उपाशी बसली हाय घरी, बैल जेवल्याबिगर घास घेणार न्हाई म्हणती."

तिनं रुमाल काढला. पाच पोळ्या, तुपात बुडवलेल्या. वास सुटला आणि बैलानं मान वर केली. आजवर कडब्याकडं सुद्धा धड न बघणारा बैल, गुळाच्या वासाला एकदम पुढं सरला. मी दोरी ओढली, पण वेसण नसलेला बैल कोणाच्यानं आवरतो? तो मला घेऊनच गेला. त्याची लांब जीभ बाहेर आली.

"बघ, बघ! त्यालाच खायची हाय. तू कोण अडवणारी?" असं म्हणून तिनं पोळी घडी घालून त्याच्या तोंडात सरकवली.

मी हात घातला. त्याच्या जबड्यात बोटं घालून ती पोळी ओढून काढली. लाळेनं लडबडलेली, फाटलेली, पुरण बाहेर आलेलं. ती माझ्या हातात आणि बैल माझ्या हाताकडं वळलेला. वैनीनं "दे इकडं" म्हणून हात पुढं केला. ती पुन्हा त्याच्याच तोंडात जाणार होती. खाली टाकली असती तर बैलानं वेचून खाल्ली असती. मागच्या बाया जवळ आल्या होत्या.

मी ती पोळी माझ्या तोंडात घातली.

आमच्या घरी निवद खात नाहीत. माझ्या बापानं कधी प्रसादाला हात लावू दिला नाही. आणि इथं बैलाच्या तोंडातला निवद माझ्या तोंडात. गिळगिळीत, चिकट, कडब्याच्या वासाचा, मधेच वेलची. उलटी घशाशी आली. मी डोळे मिटून गिळून टाकली. मग ताटातल्या दुसऱ्या पोळीकडं हात नेला.

वैनीनं ताट असं मागं ओढलं की तूप तिच्या नव्या लुगड्यावर सांडलं.

"शी! शी गं बाई! शिवू नको! बाटवलंस की सगळं!" तिचं तोंड वाकडं झालं होतं. मी किडे काढते तेव्हा बघणाऱ्यांचं होतं तसं. तिनं मागं वळून बायांना ओरडून सांगितलं, "इकडं येऊ नका! बैलाच्या तोंडातली खाल्ली हिनं! बैल उष्टा केला, त्याला आता काय चारायचं?"

बाया बांधावरच थांबल्या. एकीनं पदर नाकाला लावला. मग सगळ्या फिरल्या आणि वरच्या वाटेनं गोशाळेकडं, गाईंना चारायला गेल्या. माझ्या मागं कोणी आलं नाही. बैल रागानं दोनदा दोरीला हिसडे देऊन शेवटी गवताला लागला. मी नाल्याच्या कडेला बसून ओकले. पाण्यानं तोंड धुतलं, पुन्हा ओकले.

दिवस मावळल्यावर बैल परत नेला तेव्हा मॅनेजर दारातच होते. गावात कळून चुकलं होतं.

"बाई, भूक लागली व्हती तर मागायचं होतं. सणासुदीचं कोण नाही म्हणलं असतं?"

मी बैल आत नेऊन बांधला. भूक! त्यांना तेवढंच सुचलं. त्या वैनीलाही, सगळ्या गावालाही. आमची माणसं म्हटली की भूक.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मला वाटलं, चिडणार. मग म्हणाला, "गोड व्हती का?"

"नुसती लाळ व्हती," मी म्हणाले.

तो हसला. मला हसू आलं नाही. मी पाण्यानं पुन्हा चूळ भरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गाईंची पोटं फुगली. डॉक्टरांनी नळी घालून त्या वाचवल्या. बैल मात्र उभा होता, रवंथ करत होता. आता गावात त्याला "उष्टा बैल" म्हणतात. वाढदिवसाला जनावरांना चारायला लोक आले की आधी विचारतात, तो कोणता ते दाखवा, आणि त्याला सोडून पुढं जातात. मी तिथंच शेण काढत असते. त्यांचे चेहरे मला दिसतात, माझ्याकडं बघतानाचे आणि त्याच्याकडं बघतानाचे. एकसारखेच असतात. ते पुढं सरकले की मी त्याच्यापुढं कडब्याची पेंढी सोडते.