डिसेंबरातला नवरंग

फोन आला तेव्हा मी पोलोग्राउंडच्या आमच्या कारखान्यात प्रेस मशीनशेजारी उभा होतो. पलीकडून माझ्या घरमालकीण दिघेकाकूंची लेक मेघाताई हॉस्पिटलमधून काहीतरी सांगत होत्या आणि मला नुसतं "आई... आई..." एवढंच कळत होतं. "जरा मोठ्याने बोला, मशीन चालू आहे," मी ओरडलो. त्या बिचाऱ्या दोनदा ओरडल्या. तिसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा ऑपरेटरने नेमकं मशीन बंद केलं, आणि "आई गेली" हे अख्ख्या शेडला ऐकू गेलं. अशी बातमी मी त्यांना तीनदा ओरडून सांगायला लावली, याची फार शरम वाटली. आता महिना उलटून गेल्यावर वाटतं, दिघेकाकूंना त्यात काही वावगं वाटलं नसतं. शेवटची चार वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो.

कमल दिघे. परदेशीपुऱ्यातल्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नऊ वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी सांगलीहून इंदूरला एकटाच आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो. पहिल्याच रविवारी पहाटे पाचला दार वाजलं. "प्रशांत! उठ ना भिया, झोपून काय राहिलास? गाडी चालवता येते ना तुला?" मला वाटलं, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचंय. शर्टाची बटणं लावत खाली धावलो, तर काकू पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला स्कार्फ आणि हातात थर्मास घेऊन गाडीत बसलेल्या. त्यांच्याकडे गाडी होती, चालवणारा नव्हता. लेक मेघाताई भोपाळला. तेव्हा नवीन भाडेकरूची परीक्षा अशी घेतली गेली... आणि पुढे रोज भाजी-आमटी वर येऊ लागली, त्या अर्थी मी पास झालो असणार.

सिमरोल ओलांडून पुढे गेलं की कच्च्या रस्त्याला एक तळं लागतं. एका बाजूला मातीचा बांध, बाकी तिन्ही बाजूंनी सागाचं जंगल. काकूंचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, आणि लग्नानंतरची चार वर्षं दोघं त्या तळ्याकाठच्या क्वार्टरमध्ये राहिले होते. काकू पक्षी शिकल्या त्या तिथे, तेही कानांनी. "पोळ्या लाटताना मान कशी वर करणार? ऐकू मात्र सगळं यायचं," त्या सांगत. त्यामुळे दुर्बिणवाल्या लोकांविषयी त्यांना किंचित तुच्छता होती. आमच्या फेरीचे नियम वर्गासारखे होते. बोलायचं नाही. खोकला आला तर रुमालात. आणि इंदूरचा माणूस जी गोष्ट चहातसुद्धा घालेल अशी मला शंका होती, ती शेव जंगलात आणायची नाही, कारण ती कुरकुर वाजते. "डोळे मिट. ऐक. टुक, टुक, टुक... कोण?" मी म्हणायचो, "कुठेतरी पंप चालू आहे." "तांबट! शून्य मार्क." मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मला सगळीकडे पंपच ऐकू येतो. पण पाचेक वर्षांत मला टिटवी, भारद्वाज, पावशा, दयाळ असे दहाबारा आवाज ओळखता यायला लागले. काकूंचा आकडा शंभराच्या पुढे होता, आणि तो त्या चारचौघांत दर वेळी सांगत.

मग एका रविवारी काकूंनी बांधावर बसल्या बसल्या पिशवीतून पुडी काढली आणि शेव खायला लागल्या. करकर, करकर... समोरच्या झाडावरचं वानरही वळून बघायला लागलं. मी चकितच झालो. नियम बदलला असेल म्हणून हात पुढे केला, तर म्हणाल्या, "हळू खा, आवाज होतो." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना स्वतःची शेव ऐकू येत नव्हती. पुढच्या काही फेऱ्यांत मी लक्ष ठेवलं. त्या नेहमीच्या वळणावर थांबत, बोट वर करत आणि म्हणत, "ऐक, दयाळ!" दयाळ त्या वळणावर वर्षानुवर्षं गायचा हे खरं, पण आता तिथे चिटपाखरू नसायचं. उलट डोक्यावर टिटवी किंचाळत गेली तरी काकू शांतपणे बुटाची नाडी बांधत राहत. मी काय करावं? शंभर पक्षी कानांनी ओळखणाऱ्या बाईला कसं सांगणार? मी म्हणू लागलो, "हो काकू, दयाळच." दयाळ, तांबट, कोतवाल... त्या म्हणतील ते मी ऐकलं. तीन महिने हे चाललं. खोटं बोलायची इतकी सवय झाली की कधीकधी मला खरंच ऐकू आल्यासारखं वाटे.

डिसेंबरातली सकाळ होती, तळ्यावर धुकं. काकू एकदम थांबल्या, डोळे मिटले. "आहाहा! नवरंग. ऐकलास?" मी मान डोलावली. "ऐकलं ना! काय गोड शीळ आहे." त्यांनी डोळे उघडले. वर्गात कॉपी सापडल्यावर बाई ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने माझ्याकडे बघितलं. "नवरंग डिसेंबरात इथे नसतो. पावसाळा संपला की तो दक्षिणेत जातो. खाली उतर." "कुठून?" "खोटेपणाच्या झाडावरून!" मी कोसळलोच. खरं ते सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता घर सोडायला सांगणार. काकू म्हणाल्या, "म्हणजे तिकडे दयाळ नव्हता?" "नव्हता." "एकदाही?" "एकदा होता. पण तेव्हा तुम्ही त्याला कोतवाल म्हणालात." त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी काकूंना कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकत होतं, आणि आधी मी तुझे मार्क कापत होते रे... माफ कर."

कानाचं यंत्र आणलं. एका फेरीपुरतं टिकलं. "वाळकं पान पडलं तरी ट्रक उलटल्यासारखं वाटतं," म्हणून त्यांनी ते काढून थर्मासच्या झाकणात ठेवलं, आणि मी त्यावर चहा ओतला. मग काकूंनी नवा अभ्यासक्रम काढला. मी ऐकायचं, जसं ऐकलं तसं त्यांच्या कानाशी करून दाखवायचं, आणि पक्ष्याचं नाव त्या सांगणार. अडचण एवढीच की त्यांना ऐकू जावं इतक्या जोरात आवाज काढला की जंगलातले बाकीचे पक्षी उडून जात. एकदा मी बांधावर टिटवी करत होतो. काकू म्हणत होत्या, "अजून जोरात, टिटवी अशी लाजते का?" मी जीव तोडून ओरडलो. झाडीतून वनरक्षक रामसिंग काठी घेऊन धावत आले. "क्या हुआ साब? मॅडम को साँप ने काटा?" काकू त्यांच्यावरच डाफरल्या, "डिस्टर्ब मत करो भिया, इनका प्रॅक्टिकल चल रहा है." रामसिंग माझ्याकडे अशा करुणेने बघू लागले की त्यानंतर ते दर रविवारी मला न चुकता चहा देत. पण एकदा, फक्त एकदा, मी भारद्वाजाचा "हूप हूप हूप" काढला आणि करवंदीच्या जाळीतून खरा भारद्वाज तरातरा बाहेर आला. लाल डोळ्यांनी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी अपमान झाल्यासारखं, आणि चालता झाला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. "पास! ग्रेस मार्क देऊन, पण पास."

गेल्या हिवाळ्यात त्यांना बांध चढवेना. मग गाडी तळ्याकाठी लावायची, मी एकटा आत जाऊन यायचं आणि खिडकीशी उभं राहून सगळा अहवाल चोचीने द्यायचा, असं चाललं. शेवटी हॉस्पिटल. भेटायला गेलो तर त्यांनी खुणेनेच विचारलं, आज कोण कोण? दोन पलंगांच्या त्या खोलीत मी हलकेच टिटवी केली. त्यांनी कानाला हात लावला, म्हणजे अजून जोरात. मी जोरात केली. नर्स धावत आली आणि मला बाहेर काढू लागली. तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे उघडून विचारलं, "गाँव आ गया क्या?" काकू इतक्या हसल्या की त्यांची सलाईन पुन्हा लावावी लागली. ती आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर पहिल्या रविवारी मी एकटाच तळ्यावर गेलो. बांबूच्या बेटापलीकडून एक आवाज आला. किर्र-टुक, किर्र-टुक... मी कधीच न ऐकलेला. दोनदा जवळ आला, दोनदा लांब गेला. मी काटेरी झाडीत शिरलो, शर्ट फाडून घेतला, काहीच दिसलं नाही. नवा पक्षी, आणि विचारायला कुणी नाही. त्या दिवसापर्यंत मी रडलो नव्हतो. तिथे मात्र खाली बसून रडलो. थोड्या वेळाने रामसिंग समोर आले. मी डोळे पुसले आणि त्यांना विचारलं, हा कोण असेल? त्यांना कळेना, म्हणून काकूंसाठी काढायचो तसा, पोटापासून आवाज काढून दाखवला. "किर्रर्र-टुक! किर्रर्र-टुक!" त्यांनी फार गांभीर्याने ऐकून घेतलं. मग बांबूमागे गेले आणि एक जुनाट सायकल घेऊन आले. त्यांची मोटरसायकल आठवड्यापासून बंद पडली होती. सायकलवर बसून त्यांनी दोन पायडल मारले. किर्र-टुक. किर्र-टुक. "ये वाली, साब?"

आम्ही दोघं बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता रामसिंग म्हणाले, "मॅडम होतीं तो आपको जीरो देतीं." मग ओशाळून चाकाकडे बघत म्हणाले, पुढच्या रविवारी शहरातून डबाभर ग्रीस आणा, लगेच हिचा आवाज बंद करतो.

ग्रीस कारखान्यात हवं तेवढं असतं. मी म्हटलं, "रहने दो, रामसिंगजी."