‘जेवलो’ आला का?

फोन सायलेंटवर ठेवला तर तिकडून आलेला कॉल कळणार नाही, आणि रिंगवर ठेवला तर आमची छोटी ओवी उठणार. या एका प्रश्नावर मी दहा आठवडे झोप घालवली. शेवटी व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवला, तर तो थरथरतोय की मी, तेच कळेना!

माझा नवरा नीलेश युद्ध चालू असलेल्या देशात जाऊन एकटा रिपोर्टिंग करतो. आमचं ऑनलाइन चॅनेल वर्तकनगरच्या आमच्याच हॉलमधून चालतं. नीलेश व्हिडिओ पाठवतो, त्याचा मित्र प्रशांत एडिट करतो, मी सबटायटल्स टाकते आणि काळजी करते. असल्या घरात किस्से चार्जरसारखे असतात. कुठून आले माहीत नाही, पण प्रत्येक ड्रॉवरमध्ये एक सापडतो. घडताना त्यातला एकही विनोदी नव्हता, हे आधीच सांगते.

*

आमचा नियम एकच. नीलेशने दर सहा तासांनी ‘जेवलो’ असा मेसेज टाकायचा. जेवला असो वा नसो. ‘जेवलो’ म्हणजे जिवंत आहे.

एकदा दीड दिवस नेटवर्कच नाही. मी नखं संपवून बोटांवर आलेले. मग टुणटुणटुण! एकाच वेळी सहा ‘जेवलो’.

प्रशांत म्हणाला, “वहिनी, आता याला इनो पाठवायला लागणार!”

*

सासूबाई शहाडला राहतात. एकदा नीलेश पडक्या इमारतीसमोर लाइव्ह होता, हजारो लोक बघतायत, आणि कमेंट आली, “नीलू, हेल्मेटचा पट्टा लाव.” डीपीला गुलाबाचं फूल.

त्याने दुर्लक्ष केलं. मग खाली रांगच लागली. “काकू बरोबर बोलतायत.” “भाई, आईचं ऐक.” शेवटी भर रिपोर्टिंगमध्ये बिचाऱ्याने पट्टा लावला!

पुढच्या लाइव्हला लोकांचा पहिला प्रश्न, “काकू आल्या का?”

*

प्रशांतचा हेडफोन बिघडला होता, म्हणून त्याने बॉम्बहल्ल्याचा व्हिडिओ स्पीकरवर लावला. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत दारात.

“सिलिंडर फुटला काय?”

“नाही काका, युद्ध आहे,” प्रशांत म्हणाला.

काका जरा शांत झाले. “बरं. पण दोन ते चार बंद ठेवा.”

*

ओवीच्या प्लेग्रुपच्या टीचरनी विचारलं, “बाबा काय करतात?”

खरं सांगितलं तर सगळ्या आया माझ्याकडे दयेने बघणार. मी म्हटलं, “ऑनलाइन काम असतं.”

“अरे वा! मग मीटिंगला त्यांनाच पाठवा, घरीच असतात ना!”

मी मान डोलावली. शाळेच्या पहिल्याच दिवशी खोटं बोलले. मुलगी नाही, आई!

*

परतीच्या प्रवासात मात्र नीलेश बॉर्डरच्या पलीकडेच अडकला. छत्तीस तास ‘जेवलो’ नाही. सासूबाई डबा घेऊन शहाडहून आल्या आणि सोफ्यावर बसूनच राहिल्या. प्रशांत लॅपटॉपसमोरून हलला नाही. ओवी तेवढी आजीच्या डब्याशी खेळत होती.

दुपारी मेसेज आला, “भूक लागलीय.”

आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत राहिलो.

“हा कोड कुठला?” प्रशांतने घाबरत विचारलं.

“कोड कसला मेल्या,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “भूक लागली म्हणजे सुखरूप पोहोचला तो!”

पाठोपाठ दुसरा मेसेज होताच, “बॉर्डर पार.”

*

तीन दिवसांनी नीलेश घरी आला. ओवी अडीच वर्षांची. दहा आठवडे तिने बाबाला फोनवरच पाहिलेलं. चेहरा, हेल्मेट आणि जाड जॅकेटची कॉलर, बस. मला वाटलं, लाजेल, नाहीतर रडेल.

दार उघडलं. ती माझा कुर्ता घट्ट धरून त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. नीलेशने बूट काढले, मोजे काढले. ती पुढे झाली, खाली वाकली, त्याच्या अंगठ्याला हळूच बोट लावलं आणि ओरडली,

“आई, बाबाला पाय पण आहेत!”