घसरलेला मध

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कारण ऐकून हसाल. हसा! माझ्या चार वर्षांच्या मनूचं पोट आतून गुळगुळीत झालं असेल, ही ती भीती.

झालं काय, समोरच्या लूममधला, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातला कापूस उडून आमच्या घरात जिथे तिथे चिकटतो. म्हणून नवऱ्याने राहनाळच्या एका गोडाऊनमधून स्प्रे आणला. बेसिनला मारायचा, की घाण म्हणून टिकत नाही, नुसत्या पाण्याने निघून जाते. अळूच्या पानावरून पाणी ओघळतं ना, तसं.

मी पडले बीएस्सी! आधी प्रयोग नको? एका जुन्या ताटलीला स्प्रे मारला, सुकवली, वर मध ओतला आणि ताटली तिरकी केली. सर्रकन मध खाली! मनूने टाळ्या पिटल्या. मी ऐटीत फडकं आणायला गेले.

झोपताना मनू म्हणते, "आई, मध मी चाटला. मस्त होता."

संपलं! म्हणजे ताटलीवरचा स्प्रे पोटात! आता आतड्यात काही टिकेल का? सकाळी पोहे खाल्ले आणि बाईसाहेब थेट संडासात.

"बघ! घसरले ना पोहे?"

"अगं, ती रोज याच वेळेला जाते," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. बाटली तूच आणलीस!"

दवाखाना उघडायला वेळ होता. तोवर मी चिकट म्हणून जे जे सुचलं ते भरवलं. केळं, साबुदाण्याची खीर, गुरगुट्या भात, परत केळं. पोरीच्या पोटाचा ढोल झाला! तशीच कडेवर घेतली, स्प्रेची बाटली पिशवीत टाकली, रिक्षा पकडली.

डॉक्टर मॅडमना मी अळूच्या पानापासून सगळं शास्त्र ऐकवलं. त्यांनी बाटलीवरचं वाचलं, मनूचं पोट दाबून पाहिलं.

"सकाळपासून काय खाल्लंय हिने?"

मी सांगितलं.

"अहो ताई, एवढं खाऊन माझंही पोट फुगेल! बाकी पोरगी ठणठणीत आहे." मग मनूला म्हणाल्या, "काय गं, ताटली चाटलीस?"

माझा सगळा जीव कानात.

"ताटलीवर मध होताच कुठे? तो घसरला ना! मी लादी चाटली."

लादी! नुसती लादी! पोरीने लादी चाटली म्हणून इतकी खूश झालेली आई त्या मॅडमनी कधी पाहिली नसेल. हुश्श करत मी मनूचे मुकेच मुके घेतले.

ती गाल पुसत म्हणाली, "आई, लादीला नको हां स्प्रे मारू. मग मी काय चाटू?"