आवाज बंद करा, मंग समजते

"आवाज बंद करा, मंग समजते," असं म्हणत ती डोक्यावरची टोपली आमच्या उंबऱ्याच्या आत उतरवायची, तिथेच भिंतीला पाठ टेकून बसायची आणि पदराने मान पुसत टीव्हीकडे बघायची. पडद्यावरची मंडळी जणू तिच्या शेताच्या बांधापलीकडे राहतात, असं तिचं बघणं.

मुलींनो, मी तुमची आजी आणि ती भाजीआजी. हे नाव तुम्हीच ठेवलेलं. तिचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते कधी वापरावं लागलं नाही.

परवा धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, त्या पक्षी झालेल्या राजकन्येच्या सिनेमात शेवटी तिची आई येते ना? मी काल पुन्हा पाहिला. शेवटी ती कुठेच नाही. मग मला कशी आठवते?" मला फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून क्रमाने लिहिते आहे.

तुम्ही तेव्हा आठ आणि पाच वर्षांच्या. आईबाबा परदेशात बस्तान बसवायला गेले होते आणि तुम्ही शिरपूरला माझ्याजवळ होतात. घर मिळालं की न्यायचं, असं ठरलं होतं. घर मिळायला अकरा महिने लागले. जाताना बाबांनी बाहुल्यांच्या सिनेमांच्या पाच डिस्क आणून दिल्या होत्या.

मला ते सिनेमे आवडले नव्हते, हे आता कबूल करते. त्यामागच्या मूळ गोष्टी मी कॉलेजात वाचल्या होत्या. त्यांत थंडी होती, भूक होती, माणसं मरतही होती. इथे सगळ्या जणी एकाच साच्यातून काढलेल्या, गुळगुळीत, रडतानासुद्धा केस न विस्कटणाऱ्या. पण तुम्ही पोटावर पालथ्या पडून, हनुवट्या तळहातांवर टेकवून बघायला लागलात, की श्वास घेताय की नाही ते मला वाकून बघावं लागे. राजकन्येने गिरकी घेतली की धाकटी माझा परकर काखेपर्यंत ओढून गिरकी घ्यायची. जादूगार आला की त्याच परकरात तोंड लपवायची.

घरात माझे नियम होते. आंघोळ, दूध, एक पान शुद्धलेखन आणि मग साडेनऊला सिनेमा. दिवसातून एकदाच. अडचण अशी, की साडेदहाला लाईन जायची. भारनियमनाइतकं वक्तशीर माझ्या शाळेतही कोणी नव्हतं. लाईन परत आली की प्लेअर पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि नियम म्हणजे नियम. त्यामुळे शेवटची वीस मिनिटं आपल्या घरात कोणी पाहिलीच नव्हती.

भाजीआजीचा मळा गावाच्या कडेला होता. मेथी, आंबटचुका, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर घेऊन ती दहाच्या सुमारास यायची. सिनेमे इंग्रजी. तुम्हाला अर्धं समजायचं, तिला शून्य. मी मधेच सिनेमा थांबवून एकेका शब्दाचा अर्थ सांगायची. एकदा 'शाप' या अर्थाच्या शब्दाचं स्पेलिंग पाठ करून घेत होते, तर ती म्हणाली, "मॅडमबाई, शाप कोनाले समजत नाई वं? थोबाड पाय ना त्या म्हाताऱ्याचं!" आणि मेथीच्या ओल्या हातांनी रिमोट उचलून तिने आवाज बंद केला.

मग ती सांगायला लागायची. "आता पाहा. हे पोरगी भुकेली हाय. काहून नाचून राह्यली? कोनी जेवाले दिलं नाई तं करन काय बिचारी!" पडद्यावर ती बाहुली चंद्राला उद्देशून काहीतरी काव्यमय बोलत असे. ते मला ऐकून माहीत होतं. पण तुम्ही दोघी माझ्याकडे वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे लागतं.

लाईन गेली की शेवट तिचाच. पाचही सिनेमांचा शेवट एकच. "मंग ते पाखराची बाई झाली. राजपुत्र म्हने, चाल, लगन करू. ते म्हने, थांब ना बाप्पा, आदी मायले भेटतो. मंग ते मायच्या घरी गेली अन् पोटभर जेवली."

"काय जेवली?" मोठी विचारायची.

"भाकर, आंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. अन् मंग दोन दिवस नुसती झोपली."

मी न राहवून म्हणाले, "मूळ गोष्टीत असं काही नाही हं."

"नसन," ती टोपली उचलत म्हणाली. "लिहिनाराले माय नसन."

या पक्षी झालेल्या राजकन्येच्या सिनेमाच्या सुरुवातीला तिची आई निळ्या कपड्यांत दारात उभी राहून लेकीला निरोप देते. पुढे तिचा पत्ता नाही. धाकटी रोज विचारायची, "मग आईला कधी भेटते?" मला वाटायचं, पोरीचं कथानकाकडे लक्ष आहे. मी तिला शाबासकी द्यायची. इतकी मी हुशार!

एक दिवस लाईन गेलीच नाही. कोणी बडा माणूस देवळाच्या दर्शनाला येणार होता म्हणे. साडेदहा वाजले, वर पाच मिनिटं झाली आणि खरा शेवट सुरू झाला. भाजीआजीही टोपली विसरून बसून राहिली. जादूगार हरला, राजकन्या माणूस झाली, राजवाड्यात लग्न, नाच, वरून फुलं आणि 'समाप्त'.

धाकटीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "आणि आई?"

मी म्हणाले, "गोष्ट संपली, बाळ. ही अशीच आहे."

धाकटे, तू जे भोकाड पसरलंस! राजकन्येसाठी एवढं कोणी रडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मोठी तुला "वेडी आहेस का?" म्हणून दटावत होती आणि स्वतः ओठ चावत होती.

भाजीआजी पुढे सरकली. "मांगं घे जरासं. अजून. आवाज बंद कर." मोठीने नाचापर्यंत मागे नेलं. "थांबव! हे काय, माय उभी हाय ना!"

गर्दीत, खांबाजवळ, जांभळी शाल पांघरलेली एक बाई होती. कोणी म्हणजे कोणीच नाही, गर्दी भरायला ठेवलेली.

धाकटी हुंदके देत म्हणाली, "ही कशावरून?"

"तोंड पाय. कोनाचं हाय?"

तोंड अर्थात राजकन्येचंच होतं. त्या सिनेमात सगळ्यांचीच तोंडं राजकन्येची होती. मी तोंड उघडलं आणि, देवाची कृपा, मिटून घेतलं.

"पण आईचे कपडे निळे होते."

"लेकीच्या लग्नात जुनेच घालन काय?"

"मग ती बोलत का नाही?"

"लग्नात माय कवा बोलते वं? तिच्या मांगं हज्जार कामं!"

धाकटीने नाक पुसलं. पडद्यावरच्या त्या शालीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "माझी आई येईल?"

भाजीआजीने तिची हनुवटी ओल्या हाताने वर केली. "येईन ना माय. तुह्या तोंडावर तिचंच तोंड हाय. सोताचं तोंड कोनी विसरते काय?"

त्या दिवशी मेथी पार मलूल झाली. मी सगळी घेतली. दोन दिवस आपण मेथीच खाल्ली, मोठीला आठवत असेल.

दिवाळीच्या आधी तुमची आई स्वतः न्यायला आली. भाजीआजी दारात उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा धाकटीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "पाह्यलं मॅडमबाई? एकच साचा." तुमच्या आईला काही कळलं नाही. आपण चौघी हसलो.

पुढेही कित्येक वर्षं ती येत राहिली. टीव्ही बंद असला तरी उंबऱ्याशी दोन मिनिटं टेकायची, तुमची खबर विचारायची. तिची एकुलती लेक कामरगावला दिलेली. दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतात म्हणून जाणं वर्षाकाठी एकदा. "लेकीच्या घरी राहू नाई म्हनतात," असं ती सांगायची, पण सांगताना तोंड दुसरीकडे करायची.

मग एका सकाळी ती रिकाम्या हाताने आली, डोक्यावर टोपली नाही, अंगावर नवं लुगडं. रस्त्यावर एक चारचाकी उभी होती आणि तिच्यात तंतोतंत तिच्याच तोंडाची एक बाई बसलेली. "पोरीनं गाडीच आनली, मॅडमबाई. म्हने, माय, आता मी नेतो तुले." एवढं बोलून ती हसली आणि हसता हसता डोळे पुसत गाडीकडे गेली. आता भाजी दुसरीच बाई आणते. चांगली आहे, पण बसत नाही.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल मी तुम्ही पाठवलेल्या टॅबवर तो सिनेमा पूर्ण पाहिला. सगळे संवाद नीट ऐकले. सुरुवातीच्या निरोपानंतर आईचा उल्लेख एकदाही नाही. तुझं बरोबर आहे.

मग आवाज बंद केला आणि शेवटचा नाच पुन्हा लावला.

खांबाच्या डाव्या बाजूला, जांभळी शाल. एक तास अकरा मिनिटं चाळीस सेकंद. वहीत लिहून ठेवलं आहे.

तोंड पाहा.