तंबूतल्या सिनेमाचा शेवट

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला येरमाळ्याच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. तंबूवाल्या चाचांनी डिजिटल प्रोजेक्टर स्वतः विकत घेतला होता. खाजगी माणसाकडं मशीन म्हणजे पिच्चर चोरीला जाणार, या भीतीनं पिच्चर पुरवणारी कंपनी ठरलेल्या वेळेपुरतंच त्याचं डिजिटल कुलूप लांबून उघडायची. पण देवीची पालखी आमराईत टेकल्याशिवाय चाचा खेळ लावत नसत. एका वर्षी दुपारी पालखीला उशीर झाला, आणि नायिका विहिरीच्या काठावर उभी असतानाच वेळ संपून पडदा काळा पडला. तंबूच्या भोकांतून येणारं ऊन तेवढं उरलं. "मशीन माझी हाय, कुलूप त्यांचं," चाचा हात जोडून म्हणाले. माझी आई उठलीच, "तुमी तर रोज बघता, तुमीच सांगा की!" मग चाचांनी पडद्यापुढं उभं राहून उरलेला पिच्चर तोंडानं सांगितला, गाण्यासकट. पोरीला वाचवायला अख्खं गाव धावलं, तेव्हा आईनं पदरानं डोळे पुसले. परवा लेकीनं तोच सिनेमा मोबाईलवर लावला. त्यात गाव येतच नाही, एकटा नायक येतो. मी म्हटलं, "बंद कर ते. खरा शेवट मी सांगते."